वळणावरचा दिवा

“खत जास्त झालंय अनसूयाबाई, नुसता पालाच माजलाय,” शेजारीण बांधावरून हसली. तिचा मळा शेवंतीच्या कळ्यांनी भरला होता. अनसूयेच्या वाफ्यात एकही कळी नव्हती. ही रोपं मुलाने लावली होती आणि आठवड्याभरात मळ्यालगतच्या काळोख्या वळणावर ट्रकने त्याला उडवलं होतं. दसऱ्याला याच फुलांचा हार त्याच्या फोटोला घालायचं तिने मनाशी धरलं होतं.

कृषी सहायकाने रोपं पाहिली, मग वळणावरच्या खांबाकडे बोट दाखवलं. “मावशी, झाडाच्याही अंगात घड्याळ असतं. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. या दिव्यापायी हिची रात्रच होत नाही. तो बंद केलात तर दसऱ्यापर्यंत चार तरी फुलं मिळतील.”

तो दिवा मुलगा गेल्यावर ग्रामपंचायतीचे उंबरठे झिजवून तिनेच लावून घेतला होता.

तिन्हीसांजेला तिने खांबावरच्या बटणाला हात घातला. तेवढ्यात वळणावरून मोटारसायकल आली, उजेडात सावकाश वळली आणि निघून गेली. तिने हात मागे घेतला.

दसऱ्याला तिने शेजारणीकडूनच हार मागून आणला. “सांगितलं होतं ना, खत कमी घाला,” शेजारीण म्हणाली.