मगदूमवहिनींची बरणी

"चौथी सूचना. मालाचे फोटो स्वतःच काढा. मोबाईल, खिडकी आणि एक पांढरा पुठ्ठा, बास. स्टुडिओची पायरी कशाला चढायची?"

प्रशिक्षण द्यायला आलेल्या मॅडमच्या या बोलण्यावर जयसिंगपूरच्या व्यापारी संघाचा हॉल हसला. मागे बसलेले शिरगुप्पेही हसले. तीस वर्षं गावातल्या मालाचे फोटो त्यांच्याच स्टुडिओत निघत. हल्ली महिना महिना कुणी फिरकत नव्हतं, म्हणून मोबाईलवर धंदा वाढवायच्या या शिबिरात त्यांनीही नाव घातलं होतं.

मगदूमवहिनींनी कांदा-लसूण चटणीची बरणी खिडकीत ठेवून पाच वेळा फोटो काढला. पाचही वेळा बरणी काळीठिक्कर आली.

"मॅडम, हे काय आपल्याला जमायचं नाही. मी आपली गपगुमान शिरगुप्पेकाकांकडं जाते."

शिरगुप्प्यांच्या जिवात जीव आला.

फक्त गप्प बसायचं होतं.

पण बरणीची ती दशा त्यांना बघवेना. ते उठले, पुढे गेले. बरणीसमोर पुठ्ठा तिरका धरून त्यांनी खिडकीतला उजेड तिच्यावर परतवला.

"आता काढा, वहिनी."

चटणी लालभडक उमटली. टाळ्या पडल्या. बघता बघता सगळे आपापले डबे-पुडे घेऊन खिडकीपाशी रांगेत उभे राहिले.

"एवढंच होतं होय, काका?" वहिनी अगदी मनापासून म्हणाल्या. "इतकी वर्षं उगीच तुम्हाला त्रास दिला."

"त्रास कसला," शिरगुप्पे म्हणाले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचा बिस्किटांचा पुडा त्यांनी जरा डावीकडं सरकवला.