मोकळा हॉल

सिंगापूरच्या आपल्या अडनिड्या फ्लॅटमधली मधली भिंत पाडून सिओक एंगला मोकळा हॉल हवा होता.

भिंत पाहायला आलेला इमारत तपासनीस मान हलवत म्हणाला, "नाही जमणार, आंटी. या भिंतीवर इमारतीचा भार आहे."

"मग वरच्या मजल्यावरच्या रोसमाहने कशी पाडली?" ती फणकारली. "पन्नास माणसांची पंगत उठते तिच्या हॉलमध्ये!"

तपासनीस दचकला आणि तडक वर गेला. थोड्याच वेळात रोसमाहचा रडवेला आवाज खाली ऐकू आला. "बरी अद्दल घडली," म्हणत सिओक एंगने नवऱ्यापुढे कॉफी ठेवली.

संध्याकाळी कामगार तिच्याच दारात उभे राहिले.

"आंटी, सोफा बाहेर काढा. वर टेकू लावलेत, त्यांच्या भारानं तो मजला खचू नये म्हणून खाली तुमच्या हॉलमध्येही सहा लोखंडी खांब उभे करायचेत."