नर अद्याप सापडलेला नाही

बरणीत ते दोघे मागून एकमेकांना जोडलेले होते, तोंडं दोन दिशांना. झाडाचा रस पिणाऱ्या ढेकणांचं मीलन असंच असतं. म्हाताऱ्या कीटकशास्त्रज्ञाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. ते तसेच होते.

मादी ओळखीची होती. गेले चार महिने तिच्यापायी त्याला जेवणाखाणाची शुद्ध राहिली नव्हती. मातकट रंग, पंख नाहीत, अंग जेमतेम तिळाएवढं. घरामागच्या भिंतीलगत वाढलेल्या घाणेरीवर ती पानाखाली बसून रस प्यायची आणि कोवळ्या देठात अंडी घालायची. पंख पिल्लांनाही नसतात, पण ही अंडी घालते म्हणजे पूर्ण वाढलेली, पिल्लू नव्हे. आणि कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणजे नवी जात. त्याने अकरा नमुने गोळा केले. अकराही माद्या निघाल्या. तरी वर्णन लिहून झालं, चित्रं झाली, संपादकाने घाईने छापायचं कबूल केलं. नाव तर पहिल्याच दिवशी ठरलं होतं. बायकोचं.

बायको पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते, त्यातले सहा सरले होते. "जन्मभर एक दागिना नाही, आणि आता जाता जाता ढेकूण!" असं म्हणून ती खोकला येईपर्यंत हसली होती. पण त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच विचारायची, "आलं का हो छापून?"

तिचं हे देणं चाळीस वर्षांचं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी कपडे वाळत घालताना त्याच भिंतीपाशी तिला काहीतरी दिसलं. तिने ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून त्याच्या टेबलावर आणून ठेवलं. आतला काळाभोर, चकचकीत, पंखवाला ढेकूण पाहून तो हरखून गेला. "नवी जात आहे गं! तुझंच नाव देतो," असं म्हणालाही. पण ते वर्ष बढतीचं होतं. ढेकणाला साहेबांचं नाव मिळालं आणि याला बढती. साहेब पुढे निवृत्त झाले, वारले, त्यांचं नाव आता त्यांच्या कचेरीतही कुणाला आठवत नाही. ढेकूण मात्र ते अजून मिरवतो आहे. बायको त्यावर एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आणि आता बरणीत तिच्या मादीला चिकटून बसला होता तो साहेबांचाच ढेकूण.

काल संध्याकाळी त्यानेच बरणीत रानवांग्याची एक डहाळी टाकली होती. मादी त्या झाडाचाही रस पिते का, एवढंच पाहायचं होतं. डहाळीबरोबर नर आला, ते त्याच्या लक्षातच आलं नाही. सगळा उलगडा तेवढ्याने झाला. मादी घाणेरीवर, नर रानवांग्यावर, जात एकच. आणि एका जातीला नाव एकच, जे आधी छापलं ते. त्यात ना वशिला चालतो ना दयामाया. चाळीस वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं, "मादी अद्याप सापडलेली नाही." आता लिहिलं, "नर अद्याप सापडलेला नाही." नवशिक्यानेसुद्धा ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले असते. त्याने ठेवले नव्हते. त्याला ते पाहायचंच नव्हतं.

त्याने चिमटा उचलला. दोघांना वेगळं करताना मादीचा एक पाय तुटला. नर विषाच्या नळीत गेला, थोडा तडफडला आणि थांबला. मग त्याने तो मोरीत टाकला, वर तांब्याभर पाणी. कुणाला कळणार होतं? पुढेमागे कुणी चूक काढलीच, तर काढू दे. त्याला फक्त नऊ दिवस हवे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका नमुन्याचा पुरावा नष्ट केला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. वाटली ती भीती, की हेही पुरणार नाही.

संपादकाकडून तपासायला आलेले छापील कागद घेऊन तो तिच्या खोलीत गेला. उशाशी स्टूल ओढून बसला.

"आलं," तो म्हणाला. "हे बघ, वरती तुझं नाव."

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट नावावर थांबलं. मग तिने डोळे मिटले. "वाचा ना."

तो वाचू लागला. रंग, सोंडेची लांबी, देठातली अंडी, घाणेरीचं पान. ती मान हलवत होती, जणू ओळखीच्या कुणाची खुशाली ऐकत होती. शेवटची ओळही त्याने वाचली. "नर अद्याप सापडलेला नाही."

तिने डोळे उघडले.

"परत वाचा ते."

त्याने परत वाचलं. मान वर न करता.

मग तिने त्याच्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

"अहो, त्या बाटलीत मी दोघांना जोडीनं आणलं होतं," ती म्हणाली. "ती मातकट तुम्ही पिल्लू म्हणून खिडकीबाहेर टाकलीत."