शेजारच्या सीटचा ब्रेक

विमान जमिनीला टेकणार, इतक्यात पुन्हा वर उसळलं. खिडकीत दिसू लागलेली छपरं तिरकी झाली आणि बघता बघता धुळीत नाहीशी झाली. मागे कुणीतरी किंचाळलं. मास्तरांचा उजवा पाय समोरच्या सीटखालच्या पिशवीवर खाडकन पडला आणि तिथंच दाबलेला राहिला.

"अहो, त्यात सूनबाईनं दिलेले काचेचे पेले आहेत," बायको म्हणाली. "आणि तिथं ब्रेक नाहीये."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्धा जन्म शिकाऊ माणसांच्या शेजारी बसण्यात गेलेला. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणारा गोंधळला की मास्तर तो दाबायचे. पुढे स्कूल बंद झालं, गाडी विकली, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो कुठं. रिक्षात, बसमध्ये, मेहुण्याच्या स्कूटरवरसुद्धा मागे बसून पाय आपला दाबायला तयार.

"वारा आडवा आहे," वैमानिकाचा आवाज आला. "आपण पुन्हा एकदा उतरायचा प्रयत्न करू. कृपया कुणी जागा सोडू नये."

आवाज अगदी शांत होता. मास्तरांना तो शांतपणा मुळीच आवडला नाही. गाडी गटारात घालण्याआधी त्यांची शिकाऊ पोरं अशीच शांत असायची.

विमान धक्के खात गोल फिरू लागलं. वरच्या कप्प्यांची झाकणं खडखडत होती. बायकोनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता, पण तोंड काही बंद नव्हतं. भीती वाटली की ती भांडण उकरून काढायची.

"काल रात्री पोराच्या गाडीतून विमानतळावर येतानाही हेच केलंत. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"पुढचा ट्रक थांबला होता."

"त्याला दिसला होता तो."

त्याला दिसला होता, हे मास्तरांनाही दिसलं होतं. तरी ते "ब्रेक!" म्हणून ओरडले आणि पाय दाबला. मुलानं गाडी कडेला घेतली, बंद केली. "बाबा, पाय उचला," तो म्हणाला. "मी तुमचा शिकाऊ नाही. कॉलेज कुठलं, नोकरी कुठली, लग्न कुणाशी, जिथं गेलो तिथं तुमचा पाय ब्रेकवर. पुरे झालं आता." मागे सूनबाई मान खाली घालून बसली होती. मास्तरांनी पाय काही उचलला नाही. विमानतळावर मुलानं बॅगा उतरवल्या, आईला जवळ घेतलं, आणि त्यांना नुसतं "जपून जा" म्हणाला. मास्तर त्या वेळी बॅगेचं कुलूप तपासत होते. कुलपाला काहीही झालेलं नव्हतं.

"फोन लागेल का गं इथून?"

"वेड लागलंय का? हवेत आहोत आपण."

"एकच शब्द बोलायचा होता."

"काल अख्खा रस्ता होता बोलायला," ती म्हणाली. मग तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

विमान खाली झुकलं. एक पंख वर गेला, सावरला, पुन्हा वर गेला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मरणाची भीती होतीच, ती कुणाला नसते? पण कुलूप तपासणारा पाठमोरा बाप, एवढीच आपली शेवटची आठवण मुलाकडे राहणार, याची त्याहून जास्त. त्यांनी पाय आणखी जोरानं दाबला. पिशवीत काहीतरी कट् करून मोडलं.

चाकं आपटली. विमान एकदा डावीकडे ओढलं गेलं, सरळ झालं, आणि गुरगुरत, हादरत अखेर थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या रांगेत एक बाई हसत होती आणि रडतही होती.

फोन चालू होतो न होतो तोच वाजला. सूनबाई होती.

"बाबा, उतरलात ना नीट?"

"उतरलो. तो कुठाय?"

"इथंच आहे, स्वयंपाकघरात. कामावर गेलाच नाही. मघापासून फोनच्या नकाशावर तुमचं विमान बघत बसलाय. ते खाली येऊन परत वर गेलं ना, तेव्हापासून टेबलाच्या आडव्या दांडीवर उजवा पाय इतका रोवलाय की टेबलच सरकलं, सगळा चहा सांडला. पाय काढ म्हटलं, तर ऐकतच नाही हो."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा स्वतःचा पाय अजून पिशवीवरच होता. त्यांनी तो सावकाश उचलून बाजूला ठेवला.

"त्याला सांग," ते म्हणाले, "गाडी थांबली म्हणावं. आता उचल पाय."