पॉलचा ग्लास

मृतांच्या सणाला लुर्दस आधी दिवंगत नवऱ्याचा ग्लास भरायची. पॉलच्या त्या ग्लासाला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, हा तिचा नेम.

यंदा मुलाने, स्टीव्हने, डोंगरातल्या जुन्या वेलींची पांढरी वाईन आणलेली. गार ग्लासावर लगेच दव धरलं.

"एवढी भारी वाईन ओतून देणार? डॅडीच ओरडतील गं!" म्हणत त्याने तो ग्लास रिकामा केला.

"असू दे. बापच तो तुझा, रागवायचा नाही," लुर्दस ठामपणे म्हणाली.

ग्लासावर स्टीव्हच्या बोटांचे ठसे उमटले होते. अनामिकेचा तेवढा नव्हता. मानपाड्याच्या कंपनीत पॉलचं तेच बोट तुटलेलं.

तिने मुलाची अनामिका घट्ट धरली. होती की धडधाकट!

"ममा," स्टीव्ह हळूच म्हणाला, "बोट धरलंयस ना माझं? मग मला जाणवत का नाही?"