काचेआडचा हात

हंबीररावांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि मुरगूडच्या तालमीतले त्यांचे जोडीदार सर्जेराव बोलायचे बंद झाले. “सर्जेरावभावजी डेअरीत म्हणत हुते, गाडी आल्यापास्नं तुमी वळखच देत न्हाईसा,” बायकोनं सांगितलं. “आगं, रस्त्यात रोज हात करतोय की त्येला.” “काचंवरच्या काळ्या फिल्ममागनं? कुणाला दिसणार?” सकाळी काचांवर गरम पाणी मारून हंबीररावांनी ब्लेडनं जुनी फिल्म सोलून काढली. शेवटची पट्टी निघाली, तोच दुधाची किटली घेतलेले सर्जेराव येताना दिसले. हंबीरराव घाईनं गाडीत बसले आणि त्यांनी काचेआडून हात केला. सर्जेराव थांबले, हाताकडे बघत राहिले. दार उघडून म्हणाले, “असा रोज करायचास व्हय?” “रोज.” “मीबी करायचो की. पर काचंत माझाच हात दिसायचा.” मग आत बसून त्यांनी किटली मांडीवर घेतली. “चल, डेअरीपातूर सोड.”