समोरचे दिवे

वारा पडला आणि शिडाची नाव धरणाच्या मधोमध थांबली. अंधारून येत होतं. उतरत आलेली बॅटरी वाचवायला अश्वजितनं नावेच्या दोन बाजूंचे लाल-हिरवे दिवे मालवले.

"म्हनलं होतं ना, चार्जिंग करून ठेवा!" संघप्रियानं तान्ह्या लेकीला पदराखाली घेतलं.

तेवढ्यात समोर दोन दिवे लागले. एक लाल, एक हिरवा.

"दोन्ही दिसून राह्यले, म्हंजे ते नाव सरळ आपल्याकडंच येऊन राह्यली," अश्वजित म्हणाला.

"पन धरणावर नाव तं आपली एकच आहे ना?"

अश्वजितनं घाईघाईनं वल्हं मारून नाव वळवली. दिवे पुन्हा समोरच, आणखी जवळ.

संघप्रियानं लेकीला छातीशी घट्ट धरलं.

लेकीनं पदरातून मान काढली आणि ती खुदकन हसली. फक्त आईला पाहून पसरायची, तसे दोन्ही हात तिनं त्या दिव्यांकडे पसरले.